साल, कात, कोंडा, पापुद्रे: वरचा थर सुटतो कसा आणि अडकतो कुठे

रानहळद

"पायाची सालं निघतायत, ओढून काढली तर चालेल का?" आणि "पेरूच्या खोडाचे पापुद्रे सुटतायत, कुठलं औषध मारू?" हे दोन प्रश्न इथे आलटून पालटून येत असतात. उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आहेत, म्हणून हा एकत्र धागा. त्वचा, साप-पाली, किडे-खेकडे, झाडं, अगदी खडकसुद्धा चालतील. विनंती एकच: आजीबाईच्या बटव्याची यादी नको. थर का सुटतो, अडकला तर काय करायचं आणि कुठे अजिबात हात लावायचा नाही, तेवढं लिहा.

त्वचेपासून सुरुवात करते. सर्वांत वरचा मेलेला थर बहुतेक अंगावर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो, त्यात चपट्या पेशींचे १५-२० थर. तळहात आणि तळपायांवर तो कितीतरी पट जाड. तळाशी जन्मलेली पेशी साधारण दोन आठवड्यांत वर पोचते, वाटेत केंद्रक गमावते, केराटिन या कठीण प्रथिनाने भरते, आणि मेल्यावर आणखी दोनेक आठवडे वरच्या थरात काढून गळते. एकूण सुमारे चार आठवडे, उतारवयात जास्त.

या पेशी गळतात त्या सुट्या सुट्या, म्हणून दिसत नाहीत. दिसायला लागल्या की समजायचं, त्या एकमेकींना धरून पुंजक्याने पडतायत. लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. कोरड्या कातडीचे पोपडे निघतात ते कातडी जास्त गळते म्हणून नव्हे, नीट गळत नाही म्हणून.

टिकटिक

वाचतोय. नीट गळायला नेमकं काय लागतं?

सूक्ष्मदर्शी

पाणी आणि योग्य सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप).

मेलेल्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या जोडांनी बांधलेल्या असतात. त्यांना कॉर्निओडेस्मोसोम म्हणतात. हे जोड तोडण्याचं काम कॅलिक्राइन गटातली विकरं (एन्झाइम) करतात, मुख्यतः ५ आणि ७ क्रमांकाची. पाणी कमी पडलं की विकरं थंडावतात, जोड शाबूत राहतात आणि पेशींचा अख्खा पुंजका कडेने उचलला जातो. थंडीत पिंढऱ्यांवर जो पांढरा कोंडा दिसतो, तो हाच.

सामूचं बिघडतं ते दुसऱ्या बाजूने. पृष्ठभागाचा सामू साधारण ४.५ ते ५.५, खाली जावं तसा तो ७ कडे सरकतो. साध्या साबणाचा ९ ते १०. सतत साबण लावला की तीच विकरं नको तितका जोर धरतात आणि जो थर अजून काही दिवस टिकायला हवा होता तो आधीच उसवतो. सतत भांडी घासणाऱ्या किंवा दिवसभर हात धुणाऱ्या माणसाचे हात एकाच वेळी कोरडेही असतात आणि सोललेलेही, त्याचं कारण हे.

विकरांना आवर घालणारं एक प्रथिनही त्वचा बनवते. त्याचं जनुक बिघडलं तर नेदरटन सिंड्रोम होतो: जन्मापासून लालभडक, सतत सोलवटलेली त्वचा. याच्या नेमका उलट आजार म्हणजे एक्स-लिंक्ड इक्थिओसिस. त्यात स्टेरॉइड सल्फेटेज हे विकर नसतं, कोलेस्टेरॉल सल्फेट साचून राहतं, जोड तुटतच नाहीत आणि अंगावर तपकिरी खवले चढतात.

लहान मुलांमध्ये एका स्टॅफिलोकोकसच्या संसर्गात अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटते. त्या जंतूचं विष डेस्मोग्लिन-१ हे जोडातलंच प्रथिन कापतं. फाटतं ते फार वरच्या पातळीवर, म्हणून वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर सहसा व्रण राहत नाहीत.

गोगलगाय

मग स्क्रब, प्युमिस दगड, घासणी यांचं काय? घासल्यावर निदान गुळगुळीत तरी लागतं.

रानहळद

लागतं, संध्याकाळपर्यंत. घासल्याने उचललेले पोपडे तुटतात, खालचे जोड होते तिथेच. आणि रोज जोर लावला की त्वचा त्याला दाब समजून आणखी जाड होते. घट्टे पडतात ते याच न्यायाने. माझ्या मते दाणेदार स्क्रब चेहऱ्यावर वापरूच नये.

जोड सैल करायचे तर युरिया सगळ्यात भरवशाचा. ५ ते १० टक्क्यांचा युरिया पाणी धरून ठेवतो. २० च्या पुढे गेला की थर सोलायला लागतो. टाचांना २० ते २५ टक्के पुरतो. ४० टक्के फक्त जाड घट्टे आणि जाड झालेल्या नखांसाठी, तोही आजूबाजूच्या चांगल्या कातडीला पेट्रोलियम जेली लावून. चेहऱ्याला घरी ५ ते १० टक्के ग्लायकॉलिक किंवा लॅक्टिक आम्ल, तेही सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. तेलकट, मुरमांच्या त्वचेला २ टक्के सॅलिसिलिक.

टाचांचा क्रम सांगते. कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं पाय बुडवा. पुसताना रगडू नका, टिपा. प्युमिस दगड एकाच दिशेने हलक्या हाताने, आठवड्यातून दोन-तीनदाच. मग कातडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत युरिया मलम, आणि रात्रभर सुती मोजे. दोन आठवड्यांत फरक दिसायला हवा. त्यानंतर रोजचं मलम १० टक्क्यांवर आणायचं, बंद करायचं नाही.

बिघडतं ते असं: पाय अर्धा-पाऊण तास भिजवून ठेवतात. त्वचेत पाणी धरणारी नैसर्गिक द्रव्यं पाण्यात विरघळून निघून जातात आणि तासाभराने टाच आधीपेक्षा कोरडी होते. भेगेतून रक्त येत असताना युरिया लावतात, तो असा झोंबतो की माणूस उपायच सोडून देतो. तिथे आधी चार-पाच दिवस नुसती पेट्रोलियम जेली लावून भेग मिटू द्यावी. ब्लेडने टाच तासणं तर सर्वांत वाईट. मधुमेह असेल, पायाला संवेदना कमी असेल, तर ब्लेड, सॅलिसिलिकच्या पट्ट्या आणि ते पाय सोलणारे प्लास्टिकचे मोजे यांतलं काहीही घरी करू नये. लहान मुलांच्या अंगावर मोठ्या भागाला सॅलिसिलिक आम्ल लावायचं नाही, ते रक्तात शोषलं जाऊन विषबाधा होऊ शकते.

आणखी एक, आम्ल आणि रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या गटातली मलमं) एकाच रात्री नको. आणि आम्ल चालू असेपर्यंत सकाळी सनस्क्रीन चुकवायचं नाही.

धामण

पाण्याचा मुद्दा सापालाही तंतोतंत लागू होतो.

साप कात टाकायच्या आधी त्याच्या अंगावर बाह्यत्वचेच्या दोन पिढ्या एकाच वेळी असतात. खालची पूर्ण तयार झाल्यावरच दोन्हींच्या मध्ये द्रव उतरतो आणि विकरं मधला जोड विरघळवतात. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. द्रव त्याच्याखालीही जातो, त्यामुळे डोळे दुधी-निळे दिसतात, अंगाचा रंग मळकट होतो. या दिवसांत त्याला धड दिसत नाही, तो खात नाही आणि डिवचलं तर पटकन चावतो. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात. बघणाऱ्याला वाटतं कात टाकून झाली, पण प्रत्यक्षात कात त्यानंतर साधारण ३ ते ५ दिवसांनी पडते. सगळं मिळून एक ते दोन आठवडे.

सुरुवात ओठांपासून. खरबरीत दगडावर किंवा फांदीवर तोंड घासून कडा मोकळी करतो, ती कुठेतरी अडकवतो आणि पुढे सरकत राहतो. कात मोज्यासारखी उलटी होत मागे पडते. म्हणून जागेवर न हललेली कात मिळाली तर तिच्या शेपटीचं टोक साप गेला त्या दिशेला असतं. आणि कात नेहमी सापापेक्षा लांब भरते, कारण खवल्यांमधली घडीची कातडीही ताणून उलगडते. "सात फुटी कात सापडली" म्हणजे सात फुटी साप नव्हे.

चांगली कात एका तुकड्यात निघते, डोळ्यांवरचे दोन्ही खवले तिच्यात असतात. ते जरूर बघा. तुकडे तुकडे निघाले तर हवा कोरडी, सापाला पाणी कमी, अंगावर गोचिडासारखे माइट किंवा जुनी जखम, यांपैकी काहीतरी आहे. प्राणिसंग्रहालयात किंवा बचाव केंद्रात अशा सापाला २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या उथळ पाण्यात २०-३० मिनिटं ठेवतात. पाणी अंगाच्या अर्ध्या उंचीच्या वर नको. मग ओल्या टॉवेलच्या घड्यांतून त्याला स्वतःच सरकू देतात. डोळ्यावरचा अडकलेला खवला चिमट्याने ओढायचा नाही. नवा खवलाही सोबत आला तर डोळा उघडा पडतो आणि बहुधा कायमचा जातो. पुढच्या कातीबरोबर तो पुष्कळदा आपोआप निघतो.

पाळीव गेको (पालीचाच एक प्रकार) असेल तर बोटं तपासा. बोटाभोवती राहिलेलं कातीचं कडं सुकून आवळतं, रक्तपुरवठा थांबतो आणि बोट झडतं. कोमट पाण्यात १५ मिनिटं, मग ओल्या कापसाच्या काडीने कडं बोटाच्या टोकाकडे गुंडाळत न्यायचं. पाल, गेको, बेडूक आपली कात खाऊन टाकतात, ती दिसली नाही तर काळजी नको.

जाता जाता: रॅटलस्नेकच्या शेपटीला दर कातीला एक कडी वाढते. कात वर्षातून अनेकदा पडू शकते आणि टोकाच्या कड्या तुटतही असतात. कड्या मोजून वय सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

दुपारचा_चहा

अंगणात कात मिळाली तर ती नागाची की धामणीची, हे नक्की कसं ओळखायचं? रंग तर काहीच राहत नाही.

धामण

रंग जातो, खवले राहतात. कात कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा, पांढऱ्या कागदावर पसरा. मधोमध, म्हणजे डोकं आणि शेपटीच्या बरोबर मध्ये, पोटाच्या रुंद खवल्यापासून सुरू करून तिरक्या रेषेत पाठीवरून पलीकडच्या पोटखवल्यापर्यंत ओळी मोजा. पोटाचे खवले मोजायचे नाहीत.

नागाला मध्यावर २१ ते २५ ओळी. धामणीला साधारण १७. मण्यारीला १५ ते १७, पण तिची खूण वेगळी: पाठीच्या कण्यावरची मधली ओळ इतरांपेक्षा मोठ्या, षट्कोनी खवल्यांची असते आणि शेपटीखालचे खवले अखंड असतात. कवड्याला ही मोठी ओळ नसते, शेपटीखालचे खवले दुभागलेले असतात. मण्यार आणि कवड्या यांच्यात सर्वांत जास्त गफलत होते, म्हणून या दोन्ही जागा बघितल्याशिवाय बोलू नका. घोणसाला २७ ते ३३ ओळी, सर्वांत खालची ओळ सोडून प्रत्येक खवल्यावर मधोमध उंचवट्याची रेघ, डोक्यावर पत्र्यासारखे मोठे खवले नाहीत, बारीक खवले.

डोक्याचा भाग शाबूत असेल तर काम सोपं. नागाचा वरच्या ओठाचा तिसरा खवला डोळ्यालाही लागतो आणि नाकपुडीच्या खवल्यालाही. कातीत विष नसतं. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, तेव्हा हात साबणाने धुवा (सूक्ष्मदर्शींची माफी मागून).

सूक्ष्मदर्शी

माफ 🙂

पानगळ

झाडांकडे वळू.

खोडाच्या सालीत कॉर्क कँबियम नावाचा जिवंत पेशींचा पातळ पडदा असतो, तो बाहेरच्या बाजूला बुचाच्या पेशी बनवतो. बुचातून पाणी जात नाही. काही काळाने आणखी आतल्या पातळीवर नवा पडदा तयार होतो, आणि त्याच्या बाहेर जे काही आहे त्याचं पाणी तुटतं, ते मरतं. खोड जाड होत जातं, मेलेली साल तर ताणली जात नाही. मग दोनच मार्ग: तडकून जागेवर राहायचं, जसं आंबा, चिंच, कडुनिंब, किंवा गळून पडायचं, जसं पेरू, अर्जुन, निलगिरीच्या अनेक जाती, चिनार, सालई, कांडोळ.

गळायची तऱ्हाही वेगळी. अर्जुन आणि चिनार यांच्या ढलप्या पडतात, कारण त्यांचे नवे पडदे तुकड्या-तुकड्यांत बनतात. निलगिरीच्या लांब पट्ट्या लोंबतात. भूर्जाची साल कागदासारखी निघते, कारण तिच्या बुचात जाड भिंतीच्या आणि पातळ भिंतीच्या पेशींचे थर आलटून पालटून असतात; पातळ भिंतीच्या थरात ती फाटते. आडव्या बारीक रेघा दिसतात ती श्वसनरंध्रं. बख्शाली हस्तलिखित, ज्यात शून्यासाठी टिंब वापरलंय, ते याच सालीवर लिहिलेलं आहे.

पेरूच्या खोडावरचा पापुद्रा गळला की खाली हिरवट, गुळगुळीत साल दिसते. तो हिरवेपणा हरितद्रव्याचा. वरचा मेलेला थर गेल्यावर तिथे प्रकाश पोचतो आणि खोडही थोडंफार अन्न बनवतं. शिवाय शेवाळ, दगडफूल, सालीत दडून बसणारी कीड हे सगळं थरासोबत खाली जातं. यूकॅलिप्टस डिग्लुप्टा या जातीत नवी साल आधी हिरवी आणि मग जसजशी जुनी होते तसतशी जांभळी, नारिंगी, तपकिरी होते. वेगवेगळ्या वेळी गळलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी असल्याने खोड रंगवल्यासारखं दिसतं.

आता हाताने सोलण्याबद्दल. मुद्दाम साल काढायचा सर्वांत मोठा उद्योग बुचाचा, कॉर्क ओकचा. पहिली साल झाड सुमारे २५ वर्षांचं झाल्यावर, त्यानंतर पोर्तुगालमध्ये किमान ९ वर्षांचं अंतर. काढायची ती तिकडच्या उन्हाळ्यातच, साधारण मे ते ऑगस्ट, कारण तेव्हा कॉर्क कँबियम वाढत असतं, त्याच्या पेशी पातळ असतात आणि बुच सहज सुटतं. कुऱ्हाडीने चीर देऊन पातं जरा फिरवलं की साल सुटल्याचा पोकळ आवाज येतो. सुटत नसेल तर कसबी माणूस त्या झाडाला त्या दिवशी हात लावत नाही. जबरदस्ती केली तर आतली जिवंत साल बुचाबरोबर निघते आणि तेवढ्या जागेवर पुन्हा कधीच बुच येत नाही.

पेरूचे किंवा अर्जुनाचे पापुद्रे "स्वच्छ दिसावं" म्हणून सोलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. लोंबणारं बोटाच्या टिचकीने पडलं तर पडू द्या, बाकीचं राहू द्या.

शंकासुर

रोगाने साल सुटते ती वेगळी कशी ओळखायची? आणि डिंक येत असेल तर?

पानगळ

साल सुटल्यावर खाली काय दिसतं ते बघा. गुळगुळीत, अखंड नवी साल असेल तर काही करायचं नाही. खाली थेट लाकूड दिसत असेल तर मामला गंभीर. नखाने सेंटिमीटरभर ओरखडा काढा: हिरवं-ओलसर लागलं तर भाग जिवंत, तपकिरी-कोरडं लागलं तर मेलेला. मेलेला पट्टा खोडाभोवती किती फिरलाय ते मोजा. पूर्ण वेढा पडला असेल तर पानांतलं अन्न मुळांकडे जाणं बंद होतं. वरचं झाड महिनोनमहिने हिरवं दिसू शकतं आणि मग अचानक बसतं.

फक्त ज्या बाजूला दुपारचं ऊन लागतं तिथेच साल फुटली असेल तर तो उन्हाचा चटका. भोकं आणि खाली भुसा, विष्ठेच्या जाळ्या दिसल्या तर खोडकीड. डिंक आणि उग्र वास, तोही जमिनीलगत, तर बहुधा बुरशी, आणि बुंध्याशी पाणी साचतंय.

उपाय: धारदार, निर्जंतुक चाकूने सैल साल जिवंत कडेपर्यंतच काढा, कड उभट टोकाची ठेवा म्हणजे पाणी थांबत नाही. मग बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप): १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद ५ लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा, लोखंडी भांडं नको, तांबं लोखंडावर बसतं. चुना उरलेल्या ५ लिटरमध्ये विरवून, गार करून, गाळून घ्या. दोन्ही द्रावणं एकत्र ओता. स्वच्छ खिळा किंवा विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी वापरायची. पाणी साचणं थांबवलं नाही तर या सगळ्याचा उपयोग नाही.

चंद्रिका

सगळे ओलावा हवा म्हणतायत. रेशीम अळीच्या संगोपनात उलटं आहे, म्हणून लिहिते.

रेशीम अळी चार वेळा कात टाकते, पाच अवस्था होतात. कात जवळ आली की खाणं सुटतं, अंग चकचकीत-पिवळसर दिसतं, डोकं वर धरून स्थिर बसते. साधारण २० ते ३० तास. या वेळी बिछाना पातळ आणि कोरडा ठेवतात, चुन्याची भुकटी धुरळतात, हवा खेळती ठेवतात. पाला घालायचा नाही, ट्रे हलवायचा नाही. ९० ते ९५ टक्के अळ्या कातीतून बाहेर आल्या की मगच पहिला पाला.

चूक होते ती घाईची. अर्ध्या अळ्या उठल्या म्हणून पाला टाकला की त्या पुढे जातात, उरलेल्या पाल्याखाली ओलाव्यात दबतात. पुढच्या कातीला अंतर आणखी वाढतं आणि शेवटी कोष एकसारखे येत नाहीत. ओल्या बिछान्यात रोगही पसरतो.

धामण

पटलं, पण यात विरोध नाही. किड्याच्या कातीला लागणारा द्रव तो स्वतः जुन्या आणि नव्या कवचाच्या मध्ये सोडतो. त्यातली विकरं जुन्या कवचाचा आतला भाग विरघळवतात आणि ते द्रव्य शरीर परत शोषून घेतं. बाहेर पडते ती फक्त वरची कडक पापडी. म्हणजे पाणी आतून हवं. अळीला ते पाल्यातून आधीच मिळालेलं असतं. पाळीव टॅरँट्युला (मोठा केसाळ कोळी) असेल आणि कात टाकायच्या आधी तिला प्यायला पाणी नसेल तर पाय जुन्या कवचात अडकतात, मग बाहेर कितीही फवारा.

टॅरँट्युला त्या वेळी उताणी पडते. मेली समजून टाकून देऊ नका: मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली आवळलेले असतात. नंतरही तिचे दात पांढरट असेपर्यंत जिवंत किडा आत सोडायचा नाही, तोच तिला कुरतडतो. दात काळे झाले की खायला द्या.

मत्स्यटाकीतल्या कोळंबीचं कवचही टाकीतच राहू द्या, ती ते खाते. पाठीवर मधोमध पूर्ण पांढरं कडं दिसलं तर कवच चुकीच्या जागी फाटतंय, आणि बहुतेक वेळा ती वाचत नाही. एकदम अर्धं पाणी बदलणं आणि पाण्यात खनिजं कमी असणं ही नेहमीची कारणं. एका वेळी १० ते २० टक्केच बदला.

कातळ

खडकांचं थोडक्यात. ग्रॅनाइटचे कांद्यासारखे पापुद्रे निघतात, त्याला अपपर्णन म्हणतात. शाळेत शिकवतात की दिवसा तापून रात्री थंड झाल्याने निघतात. १९३६ साली डेव्हिड ग्रिग्ज यांनी ग्रॅनाइटचा तुकडा हजारो वेळा तापवून थंड केला, २४४ वर्षांच्या दिवस-रात्रींइतका. कोरड्या हवेत खडकाला काही झालं नाही. थंड करताना पाणी वापरलं, तर अडीच वर्षांइतक्या फेऱ्यांतच फरक दिसायला लागला. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाची पाण्याने माती होते, ती फुगते आणि वरचा थर उचलते. मोठाल्या घुमटांच्या जाड पापुद्र्यांचं कारण वेगळं: वरचा भार झिजून गेल्यावर खालचा खडक मोकळा होऊन पृष्ठभागाला समांतर तडकतो. इथेही पाणी आलंच, म्हणून लिहिलं.

टिकटिक

उन्हाने भाजल्यावर मोठाले पापुद्रे निघतात ते मग कशात मोडतात? तिथे तर कातडी कोरडी नसते.

सूक्ष्मदर्शी

ते वेगळं. उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी पेशींच्या डीएनएला इजा होते, दुरुस्तीपलीकडे गेलेल्या पेशी स्वतःच मरतात, आणि त्या एकाच वेळी थवेच्या थवे मरतात. खाली घाईने नवा थर बनतो आणि वरचा अख्खा सुटतो. लाली काही तासांत येते, सर्वांत गडद १२ ते २४ तासांनी. पापुद्रे सहसा तिसऱ्या दिवसानंतर.

गार पाण्याचं फडकं १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. बर्फ नको. मग साधं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली. फोड फोडायचे नाहीत. युरिया, आम्लं, रेटिनॉइड, स्क्रब सगळं बंद, त्वचा पूर्ववत होईपर्यंत.

रानहळद

कपड्यात अडकणारा सुटा पापुद्रा स्वच्छ कात्रीने कापायला हरकत नाही. ओढला तर अजून न सुटलेल्या भागापर्यंत फाटत जातो.

सूक्ष्मदर्शी

सुटा भागच, हे ठळक अक्षरात. मी तरी शक्यतो राहू द्या म्हणेन.

आता ज्यांना मॉइश्चरायझरने गुण येणार नाही ते. सोरायसिसमध्ये पेशींचा तळापासून वरपर्यंतचा चार आठवड्यांचा प्रवास ३ ते ५ दिवसांत होतो, पेशी केंद्रकासह वर येतात, चंदेरी खवले जमतात. खरवडू नका, खरवडल्या जागी नवे चट्टे उठतात. डोक्यातला कोंडा मालासेझिया या यीस्टचा. ते तेलावर जगतं, म्हणून कोंड्यावर तेल थापणं म्हणजे त्याला जेवण वाढणं. २ टक्के किटोकोनॅझोल शाम्पू टाळूवर ३ ते ५ मिनिटं ठेवून धुवा, आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. लोक फेस झाला की लगेच धुऊन टाकतात आणि शाम्पूला नावं ठेवतात.

एकाच तळहातावर आणि दोन्ही पायांवर कोंडा, किंवा चौथ्या-पाचव्या बोटांच्या बेचक्यात ओलसर पांढरी साल, असं असेल तर बुरशी. त्यावर स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. लाली जाते, बुरशी पसरते आणि डॉक्टरलाही ओळखू येईनाशी होते. १ टक्का टर्बिनाफिन (बुरशीवरचं मलम) लावा, चट्ट्याच्या कडेपलीकडे २ सेंटिमीटरपर्यंत.

आणि हे थांबण्यासारखं नाही: नवं औषध सुरू केल्यावर एक ते चार आठवड्यांत ताप, तोंडात-डोळ्यांत फोड, दुखरी कातडी, आणि हलकं बोट दाबून सरकवलं तरी वरचा थर सुटणं. त्याच तासाला रुग्णालय, आणि औषधाची पाकिटं सोबत. लहान मुलाला ५ दिवस किंवा त्याहून जास्त ताप, डोळे-ओठ-जीभ लाल, तर कावासाकी आजाराची शंका घ्यावी. बोटांच्या टोकांची साल त्यात दोन-तीन आठवड्यांनी निघते, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचवणारा उपचार तापाच्या पहिल्या १० दिवसांत द्यायचा असतो. साल निघायची वाट बघत बसू नये.

गोगलगाय

शेवटचा प्रश्न. लहान मुलांची नखं मुळापासून उचलली जाऊन गळतात, आधी ताप वगैरे काही नसतो. तेही याच धाग्यात बसेल ना?

सूक्ष्मदर्शी

बसेल. महिना-दोन महिने मागे जाऊन आठवा: हात, पाय आणि तोंडात पुरळ येणारा हँड-फूट-माउथ आजार होऊन गेलेला असतो बहुतेक. आजारात नखाच्या मुळाची वाढ काही दिवस थांबते, जुनं नख तिथे तुटतं आणि ४ ते ८ आठवड्यांनी पुढे ढकललं जाऊन सुटतं. दुखत नाही. खाली नवं नख आलेलं असतं. सैल कड कापून बारीक ठेवा, कपड्यात अडकत असेल तर कागदी चिकटपट्टी लावा, रोज बदला. ओढू नका. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, चार-सहा महिन्यांत पूर्ण येतं; पायाच्या नखाला बराच जास्त वेळ लागतो. लाली, पू किंवा ठणका असेल तरच दाखवा.